रांग मोडायची राहिली

ए, फुटलं म्हणू नका. आमचं लेझीम पथक फुटलं न्हाय. बरखास्त पण झालं न्हाय. विसर्जन झालं. हसतीस काय स्वप्नाली, फरक हाय त्यात, लई फरक हाय, अन् तो कळायला मला दोन महिने लागल्यात. शिवाय मोनाच्या बापाच्या गिरणीत बायकांच्या म्होरं कान धरायला लागला ते येगळंच. चहा सांगा आधी. पहिल्यापासनं सांगतो, मधी बोलायचं न्हाय.

आमी उचगावच्या बावीस पोरी. आमाला शिकवलं विठामावशींनी. त्या आमच्याच गल्लीत ऱ्हात्यात. होमगार्डात हुत्या सत्तावीस वर्षं. गणपतीचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, जत्रेचा बंदोबस्त, सगळं करून घरला बसल्या अन् चारच दिवसांत करमंना झालं, म्हणून आमाला धरलं. आमी तवा आठवीत. समाजमंदिराच्या पटांगणात, रोज सांच्याला साडेपाचला. दोन रांगा समोरासमोर, अकरा अन् अकरा. समोर जी उभी ती तुझी जोडीदारीण. माझी मोना. आठवीपासनं मोनाच.

मावशींचे नियम दोनच. एक म्हंजे, त्या "रांग मोड" म्हणत न्हाईत तोवर कुणी जागचं हलायचं न्हाय. म्हंजे न्हायच. एकदा दोन्ही रांगांच्या मधनं एक म्हस निवांत चालत गेली, मधीच थांबली, शेण टाकलं, परत चालली. एक पोरगी हलली न्हाय. मावशी म्हणाल्या, "शाब्बास. म्हशीला बी कळलं, हितं शिस्त हाय."

दुसरा नियम, आपली लेझीम आपण टांगायची न्हाय. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत भिंतीला बावीस खिळे हुते. सराव झाला की आपली लेझीम जोडीदारणीच्या हातात द्यायची, ती टांगणार, अन् तिची आपण टांगायची. म्हंजे एकटीनं कुणी घरला जायाचं न्हाय. भांडण झालं असलं तरी हातात द्यायलाच लागती की! एकदा मी अन् मोना चार दिवस बोलत नव्हतो, कशावरनं ते आता आठवत बी न्हाय, पण लेझीम देत हुतो, घेत हुतो. पाचव्या दिवशी तिनं माझी लेझीम घेता घेता इचारलं, "डब्यात काय हुतं आज?" मी म्हटलं, "कांद्याची पात." झालं, मिटलं.

तर त्याच पहिल्या वर्षी मोनानं मावशींला इचारलेलं, "शाळेत पीटीचे सर शेवटी विसर्जन म्हणत्यात. तुमी रांग मोड का म्हणताय?"

मावशी म्हणाल्या, "रांग मोड म्हंजे आता जावा, उद्या परत या. विसर्जन म्हंजे काम संपलं. तुमचं काम संपलंय काय?"

"न्हाय."

"मग?"

सात वर्षं आमी रांग मोड ऐकत आलो. विसर्जन एकदा बी न्हाय.

आता ह्या फेब्रुवारीत काय झालं, शिवाजी पेठेतल्या एका तालमीनं शिवजयंतीला आमाला बोलावलं. शिवाजी पेठ! तितली माणसं म्हंजे तुमाला म्हायती हायच, पाय चुकला तर टाळ्या थांबवून सांगणार, ए पोरी, डावा पाय. अन् नेमकं दोन दिवस आधी मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. डोळ्याला पट्टी. मला अन् मोनाला बोलावून घेतलं अन् कामं वाटून दिली. "आदेश अक्षता देईल. मान मोना घेईल." म्हंजे शिट्टी माझ्याकडं, अन् शेवटी तालमीचे लोक फेटा-नारळ देत्यात ते घ्यायला मोना जाणार. सरळ हाय की न्हाय? शेंबड्या पोराला कळंल.

नाचलो तर असलं, नाद खुळा! गुंडूमामांची हलगी कडकडत हुती, ते मधी मधी कागद पेटवून तिला शेकत हुते अन् आमी शिट्टीवर लेझमीचे हात बदलत हुतो. एक पाय चुकला न्हाय. पेठेतलं एक म्हातारं माणूस कट्ट्यावरनं उठून उभं ऱ्हायलं, ह्याच्या म्होरं आणि काय पायजे. मग मी "सावधान" दिलं, रांगा उभ्या ऱ्हायल्या, अन् माईकवाला म्हणाला, "उचगावच्या पथकाच्या प्रमुख कुमारी अक्षता यांचा सत्कार."

अन् मी गेलो.

थांबता आलं असतं मला. नाव चुकलं, मोनाला बोलवा, एवढंच म्हणायचं हुतं. पण नाव माईकवर आलं की पाय आपोआप चालत्यात गं. मोना रांगेत उभी, तिच्या दोन्ही हातात दोन लेझमी, एक तिची अन् एक माझी, कारण माझ्या हातात शिट्टी हुती नव्हं. मला फेटा बांधला, नारळ दिला, फोटो काढले. खाली आलो तर मोना ओठ न हलवता म्हणाली, "मान माझा हुता."

मी म्हटलं, "मग यायचं हुतंस की म्होरं."

"रांगेतनं?"

आदेश द्यायचा मी, तो दिला न्हाय मी, मग ती हलणार कशी? बरोबर हुतं तिचं. अन् समोरचं माणूस बरोबर असलं की आपल्याला जास्तच राग येतोय. मी म्हटलं, "त्येनी माझं नाव घेतलं. तुला कोण वळखतंय तितं?" असं म्हटलं मी. मोनाला. अन् फेट्यासकट, नारळ काखेत मारून, तालमीच्या मागल्या बोळात निघून गेलो. तितं एका पायरीवर बसलो अन् रडलो. आधी रागानं, मग लाजंनं.

रांग माझ्या ध्यानातच ऱ्हायली न्हाय.

एकवीस पोरी सावधानमध्ये उभ्या. दुपारचं ऊन. पाच मिनटं झाली, धा झाली. लोकांस्नी वाटलं अजून काहीतरी हाय, म्हणून लोक बी जाईनात. एका बाईनं खुर्ची आणून टाकली अन् बसली म्होरं. गुंडूमामा म्हणायला लागले, "पोरींनो, हलगी गार व्हायला लागलीया, मी जाऊ का ऱ्हाऊ?" कोण बोलणार? रांगेत बोलायचं बी न्हाय! शेवटी त्या माईकवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं आवाज बारीक केला अन् म्हणाला, "उचगावच्या भगिनी स्तब्ध उभ्या राहून मानवंदना देत आहेत." झालं! सगळा चौक उभा ऱ्हायला. माणसांनी टोप्या काढल्या. एकाचा फोन वाजला तर चारजणांनी त्येला डोळे वटारले. ए, हसू नका, मला पण हे नंतर आमच्यातल्या अनुजानं सांगितलं तवा आधी हसूच आलतं.

वीस मिनटांनी मोना रांगेतनं म्होरं आली. म्हणाली, "ती काय येत न्हाय. जावा आता घरला."

अकराजणी तिच्या मागनं गेल्या. नऊजणी हलल्या न्हाईत. अनुजा आमच्यात सगळ्यात बारकी, पण तोंड असलं! ती म्हणाली, "मोनाताई, रांग मोड म्हटलं न्हाईस तू. जावा म्हटलंस."

मोना म्हणाली, "तेच की गं बाई!"

"तेच न्हाय."

मी परत आलो तवा नऊजणी लाल तोंडानं उभ्या हुत्या अन् मधी रिकाम्या जागा, तोंडातले दात पडल्यागत. मी नुसतं "चला" म्हटलं अन् चालायला लागलो. त्या मागनं आल्या.

असे दोन गट पडले. बारा अन् धा. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप तयार. त्यांचं 'नवरंग लेझीम पथक (मूळ)'. मग आमच्यातल्या कुणीतरी केलं 'नवरंग लेझीम पथक (खरं)'. गावातली पोरं तर सोडतात काय? रस्त्यानं निघालं की, "चिन्ह कुणाला मिळालं गं?" मी मान खाली घालून जायाचो. अन् लेझमी? त्या दिवशी कुणी कुणाच्या हातात दिल्याच न्हाईत. ज्येची त्येनं घरला नेली. अनुजाचा भाऊ तिच्या लेझमीनं कुत्री हाकलायला लागला. माझी तर माझ्याकडं नव्हतीच. ती मोनाच्या हातात हुती ती तिच्याबरोबर गेली. मी मागितली न्हाय, तिनं दिली न्हाय.

मावशी ऑपरेशननंतर लेकीकडं गेलत्या, शाहूवाडीला. दर रविवारी फोन करायच्या. "सराव चाललाय न्हवं?"

"व्हय मावशी."

"मोना काय म्हणती?"

"बरी हाय मावशी."

आठ रविवार खोटं बोललो मी. एकदा तर त्या म्हणाल्या, आवाज येईना गं मागनं, तर मी आईच्या चाव्यांचा जुडगा घेऊन फोनजवळ हलवला. देवाशप्पथ. मावशी म्हणाल्या, "लेझीम वाळलीया. तेल दे तिला."

मग एप्रिलात उदयसिंहदादांनी मला गाठलं. ते आमच्याकडं पंचायतीत मेंबर, समाजमंदिराची किल्ली त्यांच्याकडं. त्यांस्नी मागच्या खोलीत अभ्यासिका करायची हुती, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी. म्हणाले, "पथक चालू असंल तर खोली तुमची, मी हात लावत न्हाय. बंद असंल तर बरखास्त केलं म्हणून लेखी द्या, विठाबाईंच्या सहीनं. अन् मोनाचा पण अर्ज आलाय, मूळ पथक तिचं हाय म्हणं. आता मी काय सुनावणी लावू व्हय तुमची?"

खरं सांगू का, मला खोली नको हुती, नाव बी नको हुतं. मला दोनच गोष्टी पायजे हुत्या. मोनानं माझ्याशी बोलावं, अन् मी काय केलं ते मावशींला कळू नये. अन् ह्या दोन्ही एकदम मिळणार न्हाईत हे मला तवा कळलं. कारण मावशी त्याच आठवड्यात गावाकडं आलत्या.

अर्ज लिहिला अन् गेलो. मावशी सोप्यात काळा चष्मा लावून बसलेल्या, म्होरं सुपात शाहूवाडीचा तांदूळ, चाचपून चाचपून खडं काढत हुत्या. मी म्हटलं, "मावशी, एक सही पायजे."

"वाच. मला अजून बारीक दिसत न्हाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! गपचूप सही घेऊन पळायचं असं ठरवलतं मी. आता वाचायला लागलं. "सदर लेझीम पथक दिनांक अमुक रोजी बरखास्त करण्यात येत आहे."

मावशींचा हात सुपातच थांबला. "बरखास्त? कुणी केलं?"

"म्हंजे... असंच लिहायचं अस्तंय म्हणं."

"बरखास्त वरचा खालच्याला करतोय. मंत्री समितीला करतोय. आमची एक तुकडी केलती एकदा, सायबानं, घरात बसल्या बसल्या कागदावर. आमाला पेपरात कळलं. तुमचा कोण सायब हाय?"

"कोण न्हाय."

"मग खोड ते."

मी खोडलं. म्हटलं, "मग फुटलं म्हणून लिहू का? गावात तसंच म्हणत्यात."

"फुटलं म्हंजे कुणी फोडलं न्हाय, आपलं आपण फुटलं. माठ फुटला, टायर फुटला. कुणाच्या अंगाला काय लागायला नको म्हणून माणसं फुटलं म्हणत्यात." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "आता सांग. काय झालं पेठेत?"

मी सांगितलं. सगळं. नारळ, फेटा, मोनाला काय बोललो ते, बोळ, वीस मिनटं, मानवंदना, बारा अन् धा. आठ रविवार पण सांगितले. सांगताना वर बघितलं न्हाय. मावशी म्हणाल्या, "चाव्या हुत्या व्हय त्या?"

"तुमाला कळलतं?"

"लेझीम हलवली की आधी लाकूड बोलतंय, मग कड्या. तुझं लाकूडच बोलंना." अन् हसल्या. हसल्या, बाई! मी रडायच्या बेतात अन् ह्या हसायल्यात. मग म्हणाल्या, "मला एक सांग. मोना काय म्हणाली? जावा. तू काय म्हणालीस? चला. रांग मोड कुणी म्हटलं?"

मी इचार केला. "कुणीच न्हाय."

"मग तुमी अजून रांगेतच हायसा. बावीसच्या बावीस."

अगं, दोन महिने दोन ग्रुपवर भांडत हुतो, तुमी मूळ का आमी खरं, अन् तिकडं पेठेत ती रांग तशीच उभी. मी म्हटलं, "मग तुमी या की. तुमी सगळ्यांस्नी बोलवा अन् रांग मोड म्हणा. सगळ्या ऐकतील तुमचं. परत चालू करू सगळं."

मावशींनी चष्मा काढला, डोळं पुसलं, परत लावला. "मी आता जाणार गं लेकीकडं. कायमची. तिला बी गरज हाय, मला बी. अनुजा पोलीस भरतीला पळतीया पहाटंची, तिघी ढोलपथकात गेल्यात, एकीचं लगीन ठरलंय. मला सगळ्या बातम्या हायत. तुमचं काम संपलंय. संपलं म्हणून वाईट न्हाय. पण ते तोंडावर सांगायला लागतंय, समोर उभं ऱ्हाऊन. कागदावर न्हाय, अन् पाठ फिरवून तर अजिबात न्हाय."

"तुमी द्या मग."

"शिट्टी कुणाकडं हाय?"

शिट्टी माझ्याच कपाटात हुती. फेट्याच्या खाली.

दुसऱ्या दिवशी गेलो मोनाच्या गिरणीत. तिचे वडील जेवायला गेले की ती बसती. पट्टा चालू, सगळं पांढरं धुकं, म्होरं बायका डबे घेऊन लायनीत. मी म्हटलं, "मोना." तिनं बघितलं अन् डब्यात हात घातला. मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "काय? ऐकू येईना." मी वरडलो, "चुकलं माझं!" ती कानाला हात लावती, येईना म्हणती. तिला येत हुतं, मला म्हायती हाय. मी आणि वरडलो, "मान तुझा हुता, मी घेतला! रांग सोडून गेलो ते बी माझंच चुकलं! वळखत न्हाय म्हटलं ते तर लईच चुकलं!" अन् नेमकी लाईट गेली. गिरणी बंद. माझा शेवटचा शब्द सगळ्या गल्लीत.

लायनीतल्या शालूबाई म्हणाल्या, "आमाला आलं गं ऐकू. मोना, तुला आलं का?"

मोना म्हणाली, "कान धरून म्हण."

धरला. बायका काय हसल्या! मोना हसली न्हाय. हात झटकत म्हणाली, "मी बी चुकलोय. जावा म्हणायला नको हुतं. मला शब्द म्हायती हुता. पण तो तुझा हुता, मी कसा घेऊ? मला घाण सवय न्हाय दुसऱ्याचं घ्यायची." बघा, तितं बी टोला हाणलाच. मग म्हणाली, "कवा जमायचंय?"

रविवारी साडेपाच. एकवीस आल्या. एकीची पुण्यात परीक्षा हुती, तर तिची आई लेझीम घेऊन आली अन् म्हणाली, "जागा मोकळी कशापायी ठेवताय, मी उभी ऱ्हातो की." पदर खोचला अन् उभी ऱ्हायली लेकीच्या जागंवर. मावशींनी बघितलं अन् नुसती मान हलवली. गुंडूमामा कागद पेटवून हलगी शेकायला लागले. उदयसिंहदादा कुलूप घेऊन पायरीवर बसलेले, त्यांस्नी वाटलं धा मिनटांचं काम हाय.

मोना माझ्या समोर. तिच्या दोन्ही हातात दोन लेझमी, जशी पेठेत उभी हुती तशीच. माझ्या लेझमीचं लाकूड चमकत हुतं. तेल दिलतं तिनं. दोन महिने मला शिव्या देत तेल देत हुती बया!

मी आधी नारळ दिला तिला. फेब्रुवारीतला तोच, घरात फळीवर ठिवलेला. फेटा बांधला तिच्या डोक्याला, मला नीट जमला न्हाय, एका बाजूला कलंडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शिट्टी मारली अन् एकदा सगळे हात खेळलो, पहिल्यापासनं शेवटपर्यंत. ती आई मागं पडत हुती, पण थांबली न्हाय. मग मी "सावधान" दिलं.

अन् तितं मी थांबलो. खरं सांगतो. "रांग मोड" म्हणावं असं आलतं तोंडावर. म्हटलं असतं तर उद्या परत आल्या असत्या की सगळ्या! निदान धा-बारा तरी. मी मावशींकडं बघितलं. त्या दुसरीकडंच, गुंडूमामांच्या हलगीकडं बघत हुत्या. म्हंजे तुझं तू बघ. मग मी रांगेकडं बघितलं. अनुजाच्या पायात पळायचे बूट. ज्या ढोलपथकात गेल्यात त्यांच्या हाताला नवे घट्टे. माझं रांग मोड ह्यास्नी नुसतं अडकवून ठेवणार. परत पटांगणात त्या उभ्या अन् मी कुठंतरी बोळात.

मी म्हटलं, "विसर्जन!"

आवाज चिरकला. पण म्हटलं.

एकवीसजणी उजवीकडं वळल्या, मावशींला सॅल्यूट ठोकला, तीन पावलं चालल्या अन् रांग संपली. मावशींनी पण सॅल्यूट केला. चष्म्यामुळं डोळं दिसले न्हाईत. मग खोलीत जाऊन लेझमी टांगल्या, एकमेकीच्या. मोनानं माझी टांगली, मी तिची. ती म्हणाली, "डब्यात काय हुतं आज?" मी म्हटलं, "आज रविवार हाय, खुळे."

नारळ फोडला तर खवट निघाला. दोन महिन्यांचा हुता नव्हं. सगळ्यांनी खाल्ला. एक बी बोलली न्हाय. पायरीवर, कट्ट्यावर, मातीत, बसलेल्या सगळ्या. तासभर झाला तरी कोण उठंना. उदयसिंहदादा कुलूप हलवत म्हणाले, "संपलं न्हवं तुमचं? मग जावा की."

मोना म्हणाली, "आता आमाला जावा म्हणायला कोण हाय?"

कागदावर मी लिहून दिलं, पथकाचं विसर्जन झालं. दादांनी इचारलं, कुणी केलं म्हणून लिहू? म्हटलं, आमी. मावशींनी सही केली, कागद डोळ्याजवळ धरून, अन् दोन दिवसांनी गेल्या शाहूवाडीला. दोन्ही ग्रुप बंद. आता एकच हाय, त्येला नाव न्हाय, त्यात नुसतं गुड मॉर्निंग अन् अनुजाच्या पळायच्या वेळा येत्यात.

अन् अभ्यासिका पण झाली. टेबलं आली, ट्यूबलाईट आली. दादा म्हणाले, लेझमी काढून न्या आता. आमी म्हटलं, काढतो की, पण जिनं टांगलीया तिनंच काढायची, अन् सगळ्या एकदम पायजेत. बावीस पोरी एकदम कवा जमणार? त्यांनी दोनदा इचारलं, मग सोडून दिलं. तशाच हायत अजून भिंतीवर. खाली पोरं पुस्तकं घेऊन बसत्यात, उन्हाळ्यात फॅन मोठा केला की वाईच किणकिणत्यात. पहिल्यांदा पोरं वर बघायची. आता बघत न्हाईत.